निसर्ग फोटोग्राफीचं दुसरं करिअर: कॅमेऱ्याच्या आधी गिऱ्हाईक



दुसऱ्या करिअरवरच्या व्हिडिओंनंतर एक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. "सर, वय ४९. कंपनीत व्हीआरएस निघाली आहे. वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, फोटो चांगले येतात, ग्रुपवर टाकले की सगळे म्हणतात प्रोफेशनल हो. आलेल्या पैशातून भारी कॅमेरा घेऊन उतरू का?"

उतरा. पण कॅमेऱ्याच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आज सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा, मध्ये आकडेमोड आहे.

लग्नाचा फोटोग्राफर आणि निसर्गाचा फोटोग्राफर यांच्यातला कलेचा फरक बाजूला ठेवू, धंद्याचा फरक आधी बघू. लग्नाला तारीख असते. त्या तारखेला फोटोग्राफर लागणार हे दोन्हीकडच्या मंडळींना माहीत असतं, खर्चाच्या यादीत त्याची ओळ असते, आणि ॲडव्हान्स दिल्याशिवाय बुकिंग होत नाही. गिऱ्हाईक आधीच तयार आहे, तुम्ही फक्त त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. आता हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ढग भरून आले, सूर्य बरोबर खाली टेकला, आणि तुम्हाला आयुष्यात एकदाच मिळावा असा फोटो मिळाला. त्या फोटोची वाट बघत कोण बसलंय? कुणीही नाही. कोकणकड्याने तुम्हाला ॲडव्हान्स दिलेला नसतो.

म्हणजे या धंद्यात माल आधी तयार होतो आणि गिऱ्हाईक नंतर शोधावं लागतं. हे उलटं करता आलं, म्हणजे कुणाला कसला फोटो लागतो हे आधी कळलं आणि मग तुम्ही डोंगरात गेलात, तर हा व्यवसाय आहे. नाहीतर तो छंद आहे, आणि छंदाला व्हीआरएसचे पैसे लावायचे नसतात.

पैसे कोण देतं?

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भिंत. हॉटेल, रिसॉर्ट, हॉस्पिटल, कॉर्पोरेट ऑफिस, मोठ्या सोसायटीची लॉबी. यांना फोटो नको असतो, त्यांना भिंत भरायची असते, हा फरक डोक्यात पक्का बसू द्या. आर्किटेक्ट किंवा इंटिरियर डिझायनर तुमच्याशी बोलताना "सहा बाय चार", "तीनचा सेट", "कॉरिडॉरला बारा पीस" अशा भाषेत बोलतो. सोफ्याच्या मागे आडवा फोटो लागतो, लिफ्टच्या बाजूच्या पट्टीत उभा. तुमच्या संग्रहात सगळे आडवेच असतील तर अर्ध्या भिंती तिथेच हातच्या गेल्या. म्हणून पुढच्या वेळी ट्रायपॉड लावला की एक आडवा, एक उभा, आणि एक भरपूर मोकळं आकाश सोडून, असे तीन काढायची सवय लावा.

हॉस्पिटलचं उदाहरण घेऊ, कारण नवीन माणसाला तिथे बोलायला एक भक्कम मुद्दा मिळतो. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाचा एक अभ्यास १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना थोडं लवकर घरी सोडता आलं आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता आणि तो खिडकीचा होता, फोटोचा नाही. डॉक्टरांसमोर बसून "माझ्या फोटोने पेशंट बरे होतात" असं म्हणू नका, ते तुम्हाला हसतील. पण आपल्या रिसेप्शनची भिंत म्हणजे नुसती सजावट नाही, एवढं त्यांना पटतं. आणि तिथे काय चालतं तेही समजून घ्या: शांत पाणी, हिरवा उतार, झाडीत शिरणारी पायवाट, सकाळचा उजेड. वठलेलं झाड, काळेकुट्ट ढग, खोल दरी हे फोटो स्पर्धेत बक्षीस मिळवतात, पण आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकासमोर ते लावायचे नसतात.

भिंतीच्या कामात छपाई आणि फ्रेम तुमच्याच गळ्यात पडते, आणि खरा नफा-तोटा तिथेच ठरतो. कोकणातल्या रिसॉर्टला कागदी प्रिंट साध्या पाठीच्या फ्रेममध्ये दिलीत तर दुसऱ्या पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात आणि फोन तुम्हाला येतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर चकचकीत काच लावलीत तर फोटोत फोटोऐवजी खिडकीच दिसते. त्यामुळे जागा बघितल्याशिवाय दर सांगायचा नाही. एक चांगला प्रिंटवाला आणि एक चांगला फ्रेमवाला, ही दोन माणसं तुमच्या लेन्सपेक्षा महत्त्वाची आहेत.

दुसरं गिऱ्हाईक रिसॉर्ट आणि कृषी पर्यटन केंद्रवाले, आणि माझ्या मते नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी. यांची अडचण काय असते बघा. बुकिंग पावसाळ्यातल्या हिरवळीमुळे येतं, आणि फोटोग्राफर बोलावला जातो मे महिन्यात, सीझनच्या आधी, जेव्हा सगळा डोंगर पिवळा पडलेला असतो. मग वेबसाइटवर कुठल्या तरी दुसऱ्याच डोंगराचा फोटो लागतो आणि आलेला पाहुणा चिडतो. तुम्ही त्यांना एक दिवसाचं शूट विकू नका, वर्ष विका. भर पावसातली एक फेरी, पाऊस ओसरल्यावर फुलं-गवताची दुसरी, थंडीतल्या धुक्याची तिसरी, उन्हाळ्यातल्या संध्याकाळीची चौथी. प्रत्येक फेरीत एक संध्याकाळ आणि एक पहाट, मुक्काम त्यांच्याकडेच. करार एकदाच होतो आणि पैसे चार हप्त्यांत येतात. लग्नाच्या सीझनमध्ये धावणारा फोटोग्राफर हे काम घेऊ शकत नाही, कारण धुकं कधी पडेल ते त्याच्या तारखांत बसत नाही. तुमच्याकडे आता वेळ आहे, तेच तुमचं भांडवल.

तिसरं, कॅलेंडर आणि डायरी. पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने, खतांचे डीलर, शिक्षण संस्था. इथे सगळा खेळ वेळेचा. डिसेंबरमध्ये जाऊन "कॅलेंडरसाठी फोटो आहेत" म्हणालात तर चहा मिळेल, ऑर्डर नाही, कारण तोवर कॅलेंडर छापून बांधलेलं असतं. बोलणी जून-जुलैत सुरू करायची आणि गणपती-दसऱ्याच्या दरम्यान फोटो पक्के व्हायला हवेत. म्हणजे पुढच्या वर्षाचं कॅलेंडर तुम्ही गेल्या वर्षी काढलेल्या फोटोंवर विकणार आहात, हे लक्षात आलं का? म्हणूनच नोकरी सुटायच्या आधी निदान एक पूर्ण वर्षाचे ऋतू हातात असावे लागतात. आणि इथे दुसऱ्या करिअरवाल्याला पंचविशीतल्या पोरापेक्षा मोठा फायदा आहे. तुम्ही बँकेत होता, खत कंपनीत होता, शाळेत होता. चेअरमनच्या केबिनचं दार तुमच्यासाठी उघडतं. त्या पोराचे फोटो तुमच्यापेक्षा सरस असतील, पण त्याला दारातला शिपाई अडवतो.

चौथं गिऱ्हाईक घरगुती. लोक सुंदर फोटो विकत घेतील असं वाटतं, पण सुंदर फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये फुकट पडलेत. माणूस खिशात हात घालतो तो स्वतःच्या गावासाठी. बोरिवलीत फ्लॅट घेतलेला माणूस हॉलमध्ये आल्प्स लावणार नाही, पण त्याच्या गावची खाडी, गावदेवीच्या मागचा डोंगर, लहानपणी पोहलेला डोह चार फुटांचा करून दिलात तर दर विचारायच्या आधी "कधी देता?" विचारतो. पुण्या-मुंबईत, दुबईत, अमेरिकेत असे लाखो लोक आहेत. प्रत्येक ऑर्डर लहान असते, पण एका घरातली प्रिंट बघून मामा, काका, आतेभाऊ विचारतात.

पाचवं, शिकवणं. वर्कशॉप आणि फोटो टूर. सप्टेंबरात कास, पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याचे काजवे, उन्हाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री आकाशगंगा. यातून बऱ्याच निसर्ग फोटोग्राफर्सचं घर चालतं, हे मोकळेपणाने सांगितलेलं बरं. पण तुम्ही दहा माणसं कड्याच्या टोकावर अंधारात उभी करणार आहात. स्थानिक वाटाड्या, प्रथमोपचाराचं सामान, विमा आणि जवळचा दवाखाना माहीत असणं हे आधी, ॲपर्चर-शटर नंतर. टूरमध्ये ट्रेक किंवा रॅपलिंग येत असेल तर राज्याच्या साहसी पर्यटन धोरणातल्या नोंदणीची चौकशी करून घ्या. काजव्यांच्या झाडाखाली टॉर्च आणि फ्लॅश बंद, कासच्या पठारावर आखलेल्या वाटेबाहेर पाऊल नाही. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तुमच्या गटाने तुडवलेलं फूल कुणीतरी व्हिडिओ काढून दाखवणारच.

स्टॉक वेबसाइट्सबद्दल खूप जण विचारतात. फोटो टाका, टाकायला काही हरकत नाही. एका डाउनलोडला बहुतेक वेळा काही सेंट किंवा थोडे डॉलर मिळतात. मोबाइलचं बिल सुटलं तर बरं, घरखर्च त्यात धरू नका.

दोन मोठी माणसं, धंद्याच्या नजरेने

अमेरिकेतला गेलन रोवेल. मोटार दुरुस्तीचा छोटा व्यवसाय होता. १९७२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने तो विकला आणि पूर्णवेळ फोटोग्राफर झाला. वर्षभरात 'नॅशनल जिओग्राफिक'ची कव्हर स्टोरी त्याच्या नावावर होती. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, धाडस केलं म्हणून झालं. मी म्हणतो, तारीख नीट बघा. हा माणूस लहान वयापासून योसेमिटीच्या कड्यांवर चढत होता. ज्या कपारीत इतर फोटोग्राफर पोचूच शकत नव्हते तिथे तो आधीच होता. त्याने गॅरेज विकलं तेव्हा त्याच्याकडे दुसऱ्यांकडे नसलेला माल तयार होता.

दुसरा ॲन्सेल ॲडम्स. तरुणपणी त्याला पियानोवादक व्हायचं होतं, फोटोग्राफीकडे तो नंतर पूर्णपणे वळला. आज त्याच्या प्रिंट लिलावात केवढ्याला जातात ते सोडा. आयुष्यातली कित्येक वर्षं त्याने जाहिरातींची, कंपन्यांची, योसेमिटीतल्या हॉटेल चालवणाऱ्या कंपनीची कामं करून घर चालवलं. आणि त्याचा 'मूनराइज' हा प्रसिद्ध फोटो १९४१ चा. एकाच निगेटिव्हवरून त्याने आयुष्यभरात १,३०० च्या वर प्रिंट स्वतः काढल्या असं सांगतात. एक संध्याकाळ, आणि चाळीस वर्षं विक्री. निसर्गाच्या फोटोचा हाच मोठा गुण आहे: लग्नाचा अल्बम एकदाच विकला जातो, डोंगर पुन्हा पुन्हा. पण त्यासाठी फोटोचे हक्क तुमच्याकडे राहायला हवेत. त्यावर खाली येतोच.

आता गणित

खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. तुमचे आकडे घालून तुम्ही करा.

कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, फिल्टर, चांगला मॉनिटर मिळून साडेतीन लाख. पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ७०,०००. वर्षात ६० दिवस बाहेर, दिवसाला प्रवास-मुक्काम-वाटाड्या २,५००, म्हणजे १,५०,०००. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा, वेबसाइट ४०,०००. नमुन्याच्या प्रिंट ३०,०००. हिशेबनीस, फोन, किरकोळ ३०,०००. झाले ३,२०,०००. घरात महिन्याला निदान ३०,००० द्यायचे, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. एकूण ६,८०,०००.

आता ६० पैकी किती दिवस विकले जातील? काही दिवस ढग येत नाहीत, काही दिवस नुसतेच ढग असतात. ४० धरू, तेही उदार मनाने. ६,८०,००० भागिले ४० म्हणजे १७,०००. हा तुमच्या एका दिवसाचा दर आहे, आणि यात नफा नाही, नुसतं तग धरणं आहे. ओळखीतल्या रिसॉर्टवाल्याला "पाच हजारांत करून देतो" म्हणालात की त्या दिवशी तुम्ही त्याला १२,००० रुपये तुमच्या ग्रॅच्युइटीतून दिलेत.

हे ६,८०,००० कुठून येऊ शकतात? चार रिसॉर्टचे वार्षिक करार, प्रत्येकी ७२,०००, म्हणजे २,८८,०००. फेरीमागे १८,००० पडतात. दोन कॅलेंडर, प्रत्येकी ५०,०००, म्हणजे एक लाख. भिंतीची दोन कामं, छपाई-फ्रेमचा खर्च जाऊन प्रत्येकी ७०,०००, म्हणजे १,४०,०००. सहा वर्कशॉप, दहा-दहा माणसं, खर्च जाऊन माणशी १,५००, म्हणजे ९०,०००. उरलेले ६२,००० घरगुती प्रिंटमधून. बेरीज करून बघा, जुळते.

कागदावर जुळली, पण पहिल्या वर्षी प्रत्यक्षात जुळणार नाही. चारऐवजी एक रिसॉर्ट मिळेल, कॅलेंडर कदाचित एकही नाही. म्हणून माझा नियम कडक आहे: दीड वर्षाचा घरखर्च वेगळ्या खात्यात, पीएफ आणि ग्रॅच्युइटीला हात नाही, आणि हे घरातल्या माणसांसमोर बसून, आकडे दाखवून ठरलेलं. मुलीचं शिक्षण किंवा आईवडिलांचं आजारपण पुढे दिसत असेल तर नोकरी सोडू नका, शनिवार-रविवारवर दोन वर्षं काढा. डोंगर कुठे पळून जात नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसा उडतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६,००० बाय ४,००० ठिपके. सहा फुटांवरून बघायच्या भिंतीला इंचाला १०० ठिपके चालतात. म्हणजे ६० बाय ४० इंच, पाच फुटांची भिंत साध्या २४ मेगापिक्सेलमध्ये भरते. तुमचा आत्ताचा कॅमेरा बहुतेक पुरेसा आहे. त्याऐवजी भक्कम ट्रायपॉड, पोलरायझर, रंग बरोबर दाखवणारा मॉनिटर आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले बॅकअप यांवर खर्च करा. आणि कोकण-घाटातून आलात की बॅग तशीच बंद करून ठेवू नका. लेन्समध्ये बुरशी धरली की तिची किंमत निम्मी होते.

एकच तालुका धरा

"मी भारतभर फिरून फोटो काढतो" असं सांगणारे हजारो आहेत. "जुन्नर तालुक्याचा कुठल्याही ऋतूतला फोटो माझ्याकडे मिळेल" असं सांगणारा एखादाच. गिऱ्हाईक शोधताना दुसरा लवकर सापडतो.

जुन्नरच घेऊ. २०१८ मध्ये राज्य सरकारने त्याला विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं. शिवनेरी आहे, लेण्याद्री आणि ओझरचे गणपती आहेत, नाणेघाट आणि माळशेज आहे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव अशी धरणं आहेत, द्राक्षबागा आहेत, आणि खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. आता वर्ष लावा. जुलै-ऑगस्टमध्ये नाणेघाटात वाऱ्याने उलटं उडणारं पाणी आणि माळशेजचे धबधबे. सप्टेंबरात पठारांवर सोनकीचा पिवळा गालिचा. डिसेंबरात धरणाच्या पाण्यावरचं धुकं, त्यात होडी. जानेवारी-फेब्रुवारीत घडांनी लगडलेल्या बागा. मार्चमध्ये पळस-पांगारा. एप्रिलमध्ये रात्रीचं आकाश.

आणि विकत घेणारे? नारायणगावची हॉस्पिटलं, पुणे-नाशिक महामार्गावरची हॉटेलं, तालुक्यातली कृषी पर्यटन केंद्रं, पतसंस्था, द्राक्ष निर्यातदार ज्यांना परदेशी ग्राहकाला आपली बाग दाखवायची आहे, आणि मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले जुन्नरकर. एका तालुक्यात पाचही प्रकारचं गिऱ्हाईक बसलं. प्रवास कमी, म्हणून वरच्या गणितातले २,५०० हजारावर येतात. शिवाय पाऊस पडला की तासाभरात तुम्ही जागेवर असता; पुण्या-मुंबईचा फोटोग्राफर रविवारची वाट बघत असतो.

तुमचा तालुका अकोले असेल, भुदरगड असेल, दापोली असेल. मराठवाड्यात असाल तर धबधबे नाहीत म्हणून रडू नका; उघडी माळरानं, ज्वारीची शेतं यांचे चांगले फोटो फारच कमी लोकांकडे आहेत.

कागदपत्रं, जी कुणी सांगत नाही

कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्यातल्या १७ व्या कलमात एक गोष्ट आहे जी फोटोग्राफर होण्याआधीच पाठ हवी. कुणी पैसे देऊन, सांगून तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, तुम्ही नाही. म्हणजे रिसॉर्टच्या फेरीत काढलेला धुक्याचा फोटो तुम्ही उद्या कॅलेंडरला दिलात तर तो हरकत घेऊ शकतो. उपाय सोपा आहे: दर सांगता त्याच कागदावर लिहा की कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, रिसॉर्टला वेबसाइट, ब्रोशर आणि बुकिंग साइट्सवर तीन वर्षं वापरायची परवानगी आहे, आणि रिसॉर्टची इमारत नसलेले निसर्गाचे फोटो फोटोग्राफर इतरत्र वापरू शकेल. दोन्ही सह्या घ्या. स्वतःच्या खर्चाने, कुणाच्या सांगण्याशिवाय काढलेल्या फोटोचे हक्क मात्र तुमचेच, आणि ते तुमच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. म्हणजे तुमच्या नातवंडांनाही विकता येईल. कुणाला हक्क लिहून दिलेत आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख उलाढालीची आहे, सुरुवातीला तुम्ही तिच्या बरेच खाली असाल. एक गोम आहे: प्रिंट हा माल आहे, आणि माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणीचा प्रश्न येतो. बेळगाव किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाला फ्रेम पाठवायच्या आधी सीएला एक फोन करा.

परवानग्या. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्या-लेण्यांवर साधा कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. अभयारण्यात वन खात्याचे नियम आणि शुल्क आधी विचारा. ड्रोनचे नियम २०२१ चे आहेत: २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, त्यावरच्या दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला ही सूट फक्त हौशी वापरासाठी आहे. तुम्ही बिल फाडलं की हौस संपली.

पहिली भेट

मोबाइल काढून इन्स्टाग्राम दाखवू नका. पाच प्रिंट घेऊन जा, त्यातली एक तरी दोन फुटांची, आणि पाचही त्यांच्या दहा किलोमीटरच्या परिसरातल्या. टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. समोरचा माणूस एक उचलेल आणि म्हणेल, "हे इथलं आहे?" त्यानंतर विचारा: पाहुणे कुठल्या महिन्यात कमी येतात? वेबसाइटवरचे फोटो कुठल्या ऋतूतले आहेत? मोकळी भिंत कुठली? उत्तरं वहीत लिहून घ्या, दर त्या दिवशी सांगू नका. दोन दिवसांत एका पानाचा प्रस्ताव, त्यात चार फेऱ्यांचे महिने, फोटोंची संख्या, वापराची मुदत आणि रक्कम.

"तुमचं नाव फोटोखाली टाकतो, पैशांचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर हसून सांगा, नाव टाकाच, आणि पैशांचंही आत्ताच बघू. निम्मे पैसे कराराच्या दिवशी, उरलेले फेरीगणिक. भिंतीच्या कामात शेवटचा हप्ता फ्रेम टेम्पोतून उतरायच्या आधी घ्यायचा, कारण एकदा खिळा ठोकला की वसुलीसाठी फोन तुम्हालाच करत बसावे लागतात.

या आठवड्यात दोन कामं करा. तुमच्या तालुक्यातल्या वीस भिंतींची आणि दहा रिसॉर्टची यादी, नावांसह. आणि तुमच्या हार्ड डिस्कमधले त्या तालुक्याचे फोटो महिन्यांप्रमाणे बारा फोल्डरमध्ये. कुठले फोल्डर रिकामे राहिले ते बघा. तिथेच पुढच्या फेऱ्या लावायच्या.